डोळे मिटून शिकलेलं आभाळ

फार फार वर्षांमागं, पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची तेव्हा, एका गावात एक पंतोजी होते. त्यांची शाळा म्हणजे नदीच्या अगदी कडेला एक कुडाची झोपडी.

पाऊसपाण्याचा पाठ असला की पंतोजी आधी दार लावून घ्यायचे. पोरांनी डोळे मिटायचे नि घोकायचं. डोळा उघडला की छडी. "बाहेर बघत बसलात तर पाठ व्हायचा कधी?" असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी पाठ सुरू झाला. "वारा पडला, पाखरं गप्प, मुंग्या निघाल्या अंडी घेऊन, समजावं, पाणी येतंय." सगळी एका सुरात घोकत होती.

पंतोजींच्या पायाला गुदगुल्या झाल्या. दाराच्या फटीतून मुंग्यांची रांग आत आलेली, तोंडात पांढरी अंडी. पाठ मोडायला नको म्हणून त्यांनी ती केरसुणीनं लोटली. रांग पुन्हा जुळली नि कुडावर चढू लागली.

तेवढ्यात कुंभाराची लेक म्हणाली, "पंतोजी, भ्या वाटतंय."

"डोळे मीट. पुढचं म्हण."

"मिटलेच हायेत. म्हणून तर ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?"

"काहीच न्हाई."

"थांबा रे," पंतोजी म्हणाले. घोकणं थांबलं. खरंच, बाहेर काही म्हणता काही नव्हतं. कावळा नाही, पानाची सळसळ नाही. बारमाही खळखळणारी नदीसुद्धा मुकी.

त्यांनी दार उघडलं. डोक्यावर लख्ख ऊन. नदीत मात्र नुसता चिखल, त्यात मासे तडफडत होते. नि वर डोंगरावर आभाळ काजळासारखं काळं. तिकडं कुठंतरी दरड कोसळून पाणी तुंबलं होतं, नि ते कधीही फुटून खाली येणार होतं.

पाठ अर्धाच झाला होता. आजवर त्यांनी तो कधी मोडला नव्हता. उंबऱ्यावर ते क्षणभर घुटमळले. मग हातातली छडी टाकून म्हणाले, "उठा रे. टेकडीवर. धूळपाट्या राहू द्या."

शेवटचं पोर टेकडीवर पोचलं नि डोंगर गुरगुरल्यासारखा आवाज आला. तांबडं पाणी भिंतीसारखं उभं येताना दिसलं. ते ओसरलं तेव्हा शाळेच्या जागी शाळेची खूणही उरली नव्हती.

पुढं पंतोजी वडाखाली शिकवायला बसले. पाऊसपाण्याच्या पाठाला आधी पोरांना चौफेर हिंडून यायला लावत. मग विचारत, "सांगा, कालच्यापेक्षा आज वेगळं काय?" उत्तर मिळेतो स्वतः एक अक्षर बोलत नसत.

बाळांनो, पाठ कितीही मुखोद्गत असो, डोळे उघडून पाहिल्याशिवाय तो जीव वाचवत नाही.