येसाक्काची अळणी आमटी

फार वर्षांपूर्वी, घाटात डांबरी रस्ता तर सोडाच, धड पायवाटसुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नीट बसा, आणि मधेमधे तोडू नका मला.

खालून मिठाचे बैल घाट चढून यायचे, वरून गूळ-ज्वारीचे बैल घाट उतरायचे. दोघांची गाठ पडायची आमच्या वाघझरीच्या खिंडीत. तिथं गावानं सदावर्त घातलं होतं. येईल त्याला फुकट जेवण, जात-गोत न विचारता. सुगीला घराघरातून सूपभर धान्य यायचं आणि चूल सांभाळायची येसाक्का. तिच्या आमटीच्या वासानं थकलेले बैलसुद्धा पाय उचलायचे, असं म्हणतात. मीठ मात्र ती दुसऱ्या कुणाला टाकू देत नसे. तिची मूठ म्हणजे मूठ!

एकदा काय झालं, विहिरीचा दोर तुटला आणि पोहरा तळाला गेला. साधी गोष्ट हो, पण सगळ्या बायका काठावर जमून एकमेकींवर ओरडत बसल्या. इकडे चूल विझली. तेवढ्यात एक लेकुरवाळी आली, वाट बघून बघून उठली आणि उपाशीच घाट उतरून गेली. ती खालच्या गावात पोचलीच नाही, असं म्हणतात. येसाक्का त्या दिवशी ढसाढसा रडली. तिनं चुलीला हात लावून शपथ घेतली, की आभाळ कोसळलं तरी या दारातून कुणी उपाशी जायचं नाही.

शपथ घेणं सोपं असतं. येसाक्कानं ती राबवायला घेतली. कधीही, अगदी भर सुगीत, ती सकाळी दारात उभी राहून ओरडायची, "आज विहीर नाही!" की सगळ्यांनी विहीर नाहीच असं समजून स्वयंपाक करायचा. पहिल्यांदा नुसता गोंधळ झाला. मग रांजण आदल्या दिवशीच भरून राहू लागले, झऱ्याची वाट झाडलेली राहू लागली. कधी ओरडायची, "आज सरपण नाही!" म्हणून माळ्यावर गोवऱ्या साठल्या. कधी मोठं तपेलंच लपवून ठेवायची. गावातली माणसं हसायची. म्हणायची, "बाईला सुख टोचतंय!" हसणाऱ्यांचं काय जातं?

तिच्या हाताखाली ठकू नावाची बाई होती. कष्टाला वाघीण, जिभेला सुरी. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आक्का, तुम्ही विहीर काढलीत, सरपण काढलंत, तपेलं काढलंत. स्वतःला कधी काढलंत का? उद्या तुम्ही पडलात तर मीठ कोण टाकणार, तुमचं भूत?"

येसाक्काला असा राग आला म्हणता! ती ठकूशी बोलेनाच. पण खरं बोललेलं कुसासारखं रुततं. एका सकाळी ती बाहेरच्या धोंड्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आज मी नाही." त्या दिवशी आमटी अशी खारट झाली, की वाटसरूंनी झरा आटवला. येसाक्का पदर दातात धरून बसली, डोळ्यांतून पाणी काढलं, पण उठली नाही. मग ती अधूनमधून धोंड्यावर बसू लागली आणि आमटी हळूहळू तोंडात घालण्यासारखी झाली.

पुढे एका श्रावणात लेकीच्या बाळंतपणाला येसाक्का घाटाखाली गेली. आणि पाऊस लागला. डोंगरानं कूस बदलली, असं म्हणतात. अख्खी दरड खाली आली आणि वाट बुजली. वर खिंडीत माणसं अडकली, बैल अडकले, पोरंबाळं अडकली. खाली येसाक्का ऊर बडवत होती, "माझी चूल गं! माझी माणसं उपाशी मरतील गं!" लेक समजावून थकली. रोज सकाळी येसाक्का अंगणात येऊन वर बघायची. ढग फाटायचा आणि खिंडीवर धुराची बारीक रेघ दिसायची. ती दिसली, की मगच ती भाकरीला हात लावायची.

पाऊस ओसरला तशी ती निघाली. दरडीतले दगड आपणहून सरकून तिला वाट देत गेले, असं म्हणतात. मला विचाराल तर ती रांगत, खरचटत चढली असणार. वर पोचली तेव्हा चिखलानं अशी माखली होती, की तिला कुणी ओळखलं नाही. अडकलेल्यांतलीच एक पोर वाढत होती. ती म्हणाली, "बसा मावशी. आधी जेवा, मग बोला."

येसाक्का पंगतीत बसली. पहिला घास घेतला. आमटी अळणी होती. सवयीनं तिची मूठ उचलली गेली, तेवढ्यात चुलीपासून ठकूचा आवाज आला, "मीठ मागू नका हो कुणी! खालचे बैल येईपर्यंत सगळ्यांना पुरवायचंय!"

येसाक्काची मूठ खाली आली. ती रडत रडत पानातलं सगळं जेवली, आणि इतकी गोड आमटी जन्मात खाल्ली नाही असं पुढे सांगायची. ठकूनं तिला ओळखलं, धावत आली आणि पळी तिच्या पुढे केली. "घ्या आक्का, सांभाळा तुमची चूल."

येसाक्कानं पळी परत तिच्याच हातात दिली. म्हणाली, "जा, पंगत खोळंबलीय. आज मी नाही." आणि बाहेर जाऊन धोंड्यावर बसली.

ती गेली त्यालाही पिढ्या लोटल्या. तो धोंडा भर पावसातही कोमट लागतो, असं म्हणतात. आता रस्ता झाला, गाड्या झाल्या, पण सदावर्त चालूच आहे. श्रावणात एक दिवस तिथली सगळ्यात जाणती बाई धोंड्यावर जाऊन बसते. तिला कुणी काही विचारायचं नाही, तीही काही सांगत नाही. पहिलं पान तिला वाढतात. आमटी त्या दिवशी अळणी असते, आणि गावातला कुणी मीठ मागत नाही. बाहेरच्या एखाद्यानं मागितलंच, तर वाढणारी हसून सांगते, "आज येसाक्का नाही. पण बसा, जेवण आहे."