घंटा कुणी वाजवली

"घंटा कुणी वाजवली?"

कैलासपुरी गोसावी गाभाऱ्यातून बाहेर आले. हाताला ओलं भस्म तसंच होतं.

देवळात ईशानी एकटीच उभी होती. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पायात अजून मोजे. पुण्याहून आली होती.

"मी," ती म्हणाली. "देवळात आल्यावर वाजवतातच ना."

"दोरी वर खिळ्याला गुंडाळलेली होती."

"हो, मीच सोडवली. मला वाटलं, हाताला येत नाही म्हणून कुणी वाजवत नसेल."

गोसावी ओट्याच्या कडेला गेले आणि खाली बघत राहिले...

खाली नदी होती. चैत्रातली नदी, म्हणजे पाणी थोडं आणि वाळूच जास्त. त्या वाळूत टरबुजांच्या वाड्या लावलेल्या. आणि वाड्यांमधून माणसं पळत सुटली होती.

कुणी ओरडत नव्हतं. एकाने बापाला पाठीवर घेतलं होतं. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं. गाठोडं पडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"का पळताहेत ते?" ईशानीचा आवाज चिरकला.

"वरच्या अंगाला धरण आहे. पाणी सोडायचं असलं की तिथून मला फोन येतो. मग मी ही घंटा वाजवतो. एरवी ती वाजत नाही. आरतीलाही नाही."

"आणि आज फोन..."

"नाही."

तिने खांबाला हात टेकला. "मग सांगा ना त्यांना. नाहीतर मी सांगते, चूक झाली म्हणून."

"सांग."

माणसं घाट चढून वर आली. एकोणीस जण. पुढे सोनाबाई, साठीची, गुडघा फुटलेला, पायावर रक्ताचा ओघळ.

"किती येऊन रायलं पाणी, महाराज?"

गोसावींनी ईशानीकडे पाहिलं.

"पाणी येत नाहीये," तिने हात जोडले. "माझ्याकडून वाजली घंटा. मला माहीत नव्हतं. माफ करा."

कुणी रागावलं नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

बापाला पाठीवरून आणणाऱ्याने त्याला ओट्यावर बसवलं आणि घाम पुसला. "घ्या बुढा, तुमची फुकटात सवारी झाली."

"सवारी कसली," म्हातारा म्हणाला. "हाडं खिळखिळी केलीस माही."

लोक हसले.

"पुढच्या खेपेले पह्यले पाणी पाहू," मागून कुणीतरी म्हणालं, "मंग पळू."

पुन्हा हसले. सोनाबाईसुद्धा हसली. मग एकेक जण निवांत पायऱ्या उतरू लागला.

गोसावी हसले नव्हते.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

ते पायरीवर बसले. "कशाला आली होतीस?"

सुरुवात कशी करायची ते तिने बसमध्ये घोकलं होतं. तशीच केली.

"मी मोबाइलच्या ॲपमधल्या सूचना तयार करते. नवीन आवृत्ती आली, अपडेट करून घ्या, अशा. त्या कामाचं मला बक्षीस मिळालंय. आमच्या ऑफिसात तुमच्या भागातला एक जण आहे. तो म्हणाला, तुम्ही एकदाच सांगता आणि लोक ऐकतात. ते कसं, ते शिकायचंय."

"तुझं ऐकत नाहीत?"

"ऐकायचे. दहातले आठ जण उघडायचे माझी सूचना."

"आता?"

तिने पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली.

"ॲप मधुमेहाच्या रोग्यांसाठी आहे," ती शेवटी म्हणाली. "साखर किती, जेवण काय, ते भरलं की इन्शुलिन किती घ्यायचं ते सांगतं. मागच्या आवृत्तीत चूक राहिली. काही जुन्या फोनवर दुप्पट आकडा यायचा. दोन दिवसांत दुरुस्त केली आम्ही. लगेच सूचना पाठवली, अपडेट करा. लोकांनी 'नंतर' दाबलं."

"का?"

"अलीकडे रोजच दाबायचे."

"रोज काय सांगत होतीस?"

"रंग बदलला. बटण गोल केलं. पाडव्याच्या शुभेच्छा." तिचा आवाज बारीक झाला. "उघडावी म्हणून प्रत्येक सूचना तातडीची वाटेल अशी करायचे. लाल ठिपका. त्याचंच तर बक्षीस होतं."

खाली वाळूत कुणीतरी सांडलेल्या भाकरी वेचत होतं.

"एक बाई होत्या," ती म्हणाली. "वत्सला राऊत. शाळेत शिकवायच्या. दुपारी इंजेक्शन घेऊन आडव्या झाल्या आणि... उठल्याच नाहीत. फोनवर आमची सूचना तशीच होती."

गोसावींनी बोटावरचं सुकलेलं भस्म चोळून काढलं.

"अजून किती जण आहेत?"

"जुन्या आवृत्तीवर? चारशे बारा. हिशोब त्यांच्या फोनमध्येच होतो. आम्हाला इथून बंद करता येत नाही."

तिने घाईघाईने फोन काढला. "मी तीन नमुने आणलेत. हा बघा, सगळा पडदा लाल. ह्याच्यात फोन थरथरत राहतो. आणि हा... ह्याला भोंगा आहे. आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय. कुठला पाठवू?"

गोसावींनी फोनकडे पाहिलंही नाही. ते उठले, घंटेची दोरी तिच्या हातात दिली.

"वाजव."

"नको."

"जोरात वाजव. तुझ्या भोंग्यासारखी."

ईशानीने खाली पाहिलं. बापाला पाठीवर घेणारा आता वाडीत पाय पसरून बसला होता. टरबूज कापत होता. त्याचं तोंड घाटाकडे होतं. दोरी तिच्या हातात बघून त्याने लांबूनच हात हलवला. वाजव वाजव, असा.

तिने दोरी सोडून दिली.

गोसावींनी कनवटीचा चाकू काढला, दोरी वरून कापली, तिची गुंडाळी करून भिंतीतल्या देवळीत ठेवली.

"आणि आता फोन आला तर?" तिने विचारलं.

"ब्याण्णव पायऱ्या उतरायच्या," ते म्हणाले. "एकेकाला सांगायचं. माणसं एकोणीस."

त्यांचा उजवा गुडघा सुजलेला होता. तिने तो आत्ता पाहिला.

त्यांनी चाकू परत कनवटीला खोचला.

"तुझ्या चारशे बारांची नावं आहेत?"

"आहेत. नाव आणि गाव आहे. पण महाराज, चारशे बारा..."

"वाच."

तिने यादी उघडली. "अंबादास शिरभाते. कमल नंदागवळी. रझिया शेख..."

चौथं नाव वाचायच्या आत तिला काठीचा आवाज आला. तिने दचकून वर पाहिलं. गोसावी उंबऱ्याबाहेर उभे होते, पायात वहाणा.

"अंबादासचं घर कुठल्या गावाला?"