दोन तोड्यांची घोडी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता हे सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही. न उरो बापडं. आपल्याला राजाशी काय करायचंय? आपली गोष्ट आहे एका घोडीची, आणि तिच्यावर जीव लावलेल्या एका माणसाची.

त्या राज्याचे दोन भाग होते. खाली नदीकाठची सपाटी आणि वर डोंगर. दोन्हीकडच्या लोकांना घोड्यांचं भारी वेड. पण वेड एक असलं तरी तऱ्हा दोन. सपाटीवरची माणसं नदीलगतच्या मोकळ्या रानात घोडी पळवत. मध्ये ना दगड ना धोंडा, नुसती दौड. डोंगरातली माणसं दगडी बांध, काटेरी कुंपणं आणि ओढे यांवरून घोडी उडवत नेत. सपाटीवाले म्हणायचे, उड्याच बघायच्या तर घोडा कशाला, बेडूक पाळावा. डोंगरवाले म्हणायचे, सरळ धावण्यात काय मोठं, उतारावर सोडलेला दगडही धावतो. एकमेकांच्या शर्यतींना जात, ते नाकं मुरडायला.

रीत मात्र दोन्हीकडे एकच. जो घोडा जिंकेल त्याच्या पायात चांदीचा तोडा चढवायचा. तोडा पायात आहे तोवर त्या घोड्याने शर्यतीत उतरायचं नाही. पुन्हा धावायचं असेल तर तोडा काढून सुरुवातीच्या दगडावर पणाला ठेवायचा. जिंकलात तर तो परत, वर आणखी एक. हरलात तर जिंकणारा घेऊन जाईल. रीत वाईट नव्हती. ज्याने ती घातली त्याने विचार करूनच घातली असणार. घोटाळा रीतीत नव्हता, माणसांत होता.

सपाटी संपून डोंगर सुरू होतो तिथे एक गाव होतं. या गावाला दोन्हीकडचे हसायचे. सपाटीवाले त्यांना डोंगरी म्हणायचे आणि डोंगरवाले त्यांना आपल्यात धरायचे नाहीत. त्या गावच्या घोड्याने आजवर एकही शर्यत जिंकली नव्हती. लग्नाकार्यातसुद्धा त्यांची थट्टा व्हायची, आणि ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

त्या गावात हैबती नावाचा माणूस राहायचा. थोडी जमीन, बायको सगुणा आणि एक घोडी, एवढा त्याचा संसार. घोडीचा रंग पारव्यासारखा करडा, म्हणून तिचं नाव पारवी. रोज सकाळी हैबती तिच्यावर बसून नदीवर जायचा आणि वाळूत तिला मनसोक्त पळू द्यायचा. परतायची वाट लांबून होती. मग हा शहाणा सरळ शेतांतूनच यायचा. एक बांध, दुसरा बांध, मग ओहोळ. तिला काही शिकवावं म्हणून नव्हे हो. भूक लागलेली असायची, आणि सगुणाची भाकरी तव्यावर असायची.

पारवीला वाटायचं, धावणं असंच असतं. थोडं जमिनीवर, थोडं हवेत. ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांच्यावरून माणसं भांडतात, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एका वर्षी सुगी आटोपल्यावर हैबतीने तिला सपाटीच्या शर्यतीत उतरवलं. पायथ्याचं गाव आलंय म्हटल्यावर लोकांनी आधीच हसून घेतलं. हलगी वाजली, धुरळा उठला, आणि धुरळ्यातून सगळ्यात आधी बाहेर पडली ती पारवी. हसणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. तिच्या उजव्या पायात चांदीचा तोडा चढला.

थोड्याच दिवसांत डोंगरावरची शर्यत आली. हैबती तिथेही गेला. दारात वहाण काढावी इतक्या सहज त्याने पारवीचा तोडा काढला आणि दगडावर ठेवला. गावचे पाटील बरोबर होते. त्यांच्या तर जिवाचं पाणी झालं. ते म्हणाले, "हैबती, विचार कर. आपल्या गावात आलेला हा पहिला तोडा आहे."

"गेला तर गेला, पाटीलबाबा," हैबती हसून म्हणाला, "घोडी तर आहे ना."

आणि पारवी उडाली. बांध, कुंपण, ओढा, पुन्हा बांध. डोंगरातले कसलेले घोडे प्रत्येक अडथळ्याशी जरासे थबकायचे, बेत करायचे. पारवी थबकलीच नाही. तिला वाटलं, आपण घरी चाललोय, भाकरी तव्यावर असेल. शेवटच्या उंच बांधावरून ती झेपावली तेव्हा हैबतीला क्षणभर आपलं वजन उरलंच नाही असं वाटलं. कानात वारा नव्हता, खाली टापांचा आवाज नव्हता. एवढं सुख त्याने आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. पारवी जमिनीवर उतरली आणि आनंदाने खिंकाळली.

सपाटीही मारली आणि डोंगरही मारला, असा घोडा त्या राज्यात झाला नव्हता. पारवीच्या दोन पायांत दोन तोडे चढले. गावाला आभाळ ठेंगणं झालं. म्हाताऱ्या बायका तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायला लागल्या. देवळाशेजारी तिच्यासाठी कौलारू पागा बांधली. देवीच्या पालखीपुढे चालायचा मान तिला मिळाला. लांबलांबून माणसं बघायला यायची, तिच्या पायाला हात लावायची, आणि जाताना हैबतीलाही नमस्कार करायची. पारावर आता त्याच्यासाठी जागा सोडली जाई. काल ज्याला कोणी चिलीम देत नव्हतं त्याला लोक हैबतराव म्हणायला लागले. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. तुम्हाआम्हालाही आवडलं असतं.

वर्ष फिरलं. पुन्हा नदीकाठी हलगी वाजली. पागेत पारवीचे कान ताठ झाले. ती दावं ओढायला लागली, टापांनी जमीन उकरायला लागली. हैबतीलाही राहवेना. तो खोगीर घेऊन निघाला, तर पागेच्या दारात अख्खं गाव उभं. यंदा नको, असं सगळ्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांनी मान वर करून चालायला मिळतंय, हरलो तर पुन्हा तेच हसणं. पाटलांनी तर हातच जोडले. हैबतीने पारवीच्या पायांतल्या तोड्यांकडे पाहिलं. ते काढायला तो खाली वाकलासुद्धा. पण हात लावला आणि हात तिथेच राहिला.

"पुढच्या वर्षी," तो पारवीच्या कानाशी म्हणाला.

आता ऐका, मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही. हे पुढचं वर्ष फार लबाड असतं. ते येतं, पण आल्याबरोबर यंदाचं होऊन बसतं.

दुसऱ्या वर्षी पाटलांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, गावाची पत राहायला हवी होती. मग एकदा सपाटीवर एक नवा तांबडा घोडा आला होता, त्याचा फार बोलबाला होता. मग एकदा कुणी अडवलंही नाही. हैबती स्वतःच घरी बसून राहिला.

पारवीला कशाची ददात नव्हती. चंदीच्या दाण्यात गूळ असायचा, अंगाला दोन वेळा खरारा व्हायचा. चालायचं ते फक्त पालखीपुढे. तिथे कसं चालायचं, हेही गावाने तिला शिकवलं. एक पाय उचलायचा, तोडा वाजवायचा, ठेवायचा, मग दुसरा. लोक म्हणायचे, काय चाल आहे, राणीच जणू.

पण संध्याकाळ झाली की ती पागेच्या खिडकीतून मान बाहेर काढून नदीकडे बघत राहायची. पलीकडे वाळू दिसायची, अलीकडे शेतांचे बांध दिसायचे. कितीतरी वेळ ती हलायची नाही. समोरची चंदी तशीच राहायची. हैबती जवळ जाऊन उभा राहायचा, आणि तोही तिकडेच बघायचा. स्वप्नात त्याला तो शेवटचा बांध दिसायचा. जाग आली की मांड्या आवळलेल्या असायच्या आणि खाली घोडी नसायची. मग उरलेली रात्र त्याला आढ्याकडे बघत काढावी लागे.

सगुणा हे सगळं बघत होती. ती बोलायची कमी, पण बोलली की लागायचं. एकदा भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, तोडे घोडीच्या पायात आहेत की तुमच्या?"

हैबतीने ताट बाजूला सारलं आणि तो उठून गेला. राग आला होता. आपल्याबद्दल खरं ऐकलं की येतो तसा.

वर्षं अशीच जात राहिली. सपाटीवरचा तो तांबडा घोडा कधी जिंकायचा, कधी हरायचा. तोडे यायचे, जायचे. हरला तरी लोक त्याच्या नावाने ओरडायचे आणि त्याच्या दौडीच्या गोष्टी चुलीपाशी सांगायचे. पारवीला बघायला येणारी माणसं मात्र कमी होत गेली. एका उत्सवात परगावची एक लेकुरवाळी बाई पालखीपुढची घोडी बघून शेजारणीला विचारत होती, छान चालते हो ही, पळतेसुद्धा का? हैबती लगाम धरून तिथेच उभा होता. त्या प्रश्नाने त्याच्या काळजात कळ गेली.

त्या वर्षी नदीवर हलगी वाजली तेव्हा तो पागेत गेला. कुणाला विचारलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. खाली बसून त्याने पारवीच्या पायांतले दोन्ही तोडे काढले. तोड्यांखालचे केस झडून गेले होते आणि कातडीला वळ पडले होते. त्या वळांवरून त्याने हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले.

"चल बाई," तो म्हणाला, "फार वाट बघायला लावली तुला."

दोन तोड्यांची घोडी आली म्हणताच नदीकाठी गर्दी लोटली. तोडे दगडावर ठेवले गेले. पारवीचं वय वाढलं होतं, पण ती काही म्हातारी नव्हती. तिने नाकपुड्या फुलवल्या, शेपटी उंच धरली, डोळ्यांत पूर्वीचीच चमक आली. तिचं काळीज मांडीखाली धडधडताना हैबतीला जाणवत होतं. त्याने मांड घट्ट केली. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते आता आलंच, असं त्याला वाटलं.

हलगीवर टिपरी पडली. सगळे घोडे सुटले.

पारवीही निघाली. चार ढांगा ती झेपावली. आणि मग काय झालं कोण जाणे, भोवती माणसांची गर्दी, वाद्याचा आवाज, तिची मान डौलात वर गेली. एक पाय उचलला, हलवला, ठेवला. मग दुसरा. ती पालखीपुढची चाल चालायला लागली.

हैबतीने टाच मारली. लगाम सैल सोडला. मानेवर वाकून तिला हाका मारल्या, विनवलं, पूर्वी रोज नदीवर जाताना जिभेने जो आवाज काढायचा तोही काढला. पारवीने कान मागे करून ऐकलं. तिला पुढचा धुरळा दिसत होता. तिचं सगळं अंग त्या धुरळ्याकडे ओढ घेत होतं, थरथरत होतं. पण पाय मात्र एक, मग दुसरा, असेच पडत राहिले. धावायचं कसं, हे ते विसरून गेले होते.

सुरुवातीला कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. सगळी शर्यत संपून गेली, जिंकणाऱ्याला उचलूनही झालं, आणि अजून ती घोडी भर रानातून एकटी राणीसारखी चालत येत होती. तिच्या पाठीवरचा माणूस तोंड तिच्या आयाळीत खुपसून रडत होता.

शेवटच्या खुणेपाशी पारवी थांबली. तिने वळून आलेल्या वाटेकडे पाहिलं आणि खिंकाळली. ती खिंकाळी ऐकून पाटलांनी पागोटं काढून डोळ्यांना लावलं. हरल्याचं दुःख नव्हतं ते. इतकी वर्षं आपण काय जपत बसलो, ते त्यांना आता कळलं होतं.

तोडे जिंकणाऱ्याच्या घरी गेले. पायथ्याच्या गावाला कोणी हसलं नाही. पण पूर्वीचे नमस्कारही कोणी केले नाहीत.

घरी सगुणा दारात उभी होती. तिने नवऱ्याच्या हातातून लगाम घेतला. हैबती उंबऱ्यावर बसला. तो म्हणाला, "हरली असती तरी चाललं असतं गं. पण माझी पारवी हरलीसुद्धा नाही. ती धावलीच नाही."

ज्या कामाने मान मिळाला, ते काम मान जपण्यासाठी कधी थांबवू नये.