कपिलेचा खरवस आणि राणीचा चीक

ऐका जिवतीमाय, तुमची कहाणी. बायांनो, मुठीतले तांदूळ घट्ट धरा, हसताना सांडतील.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं एक राजा होता, त्याची आई राजमाता होती आणि त्याची राणी चिमादेवी दिवस भरून बसली होती. राज्यात दुधातुपाला तोटा नव्हता, शहाणपणाला थोडा होता.

एके पहाटे काय झालं? माजघरात राणी बाळंत झाली, मुलगा झाला. गोठ्यात कपिला गाय व्याली, गोऱ्हा झाला. राजमाता आधी गोठ्यात गेली. गाईचा पिवळाधमक चीक पाहिला, हात जोडले. म्हणाली, "अमृत आहे हो. वासराला पोटभर पिऊ द्या, उरेल त्याचा खरवस करा. थेंब सांडाल तर याद राखा." मग बाळंतिणीकडं आली. राणीचा पिवळा चीक पाहिला, नाकाला पदर लावला. म्हणाली, "ही काय घाण? काढून टाक. बाळाला बाधेल."

राणीनं काढून टाकला. टाकताना डोळे भरले, पण सासूपुढं, आत्याबाईंपुढं, बोलायची सोय नव्हती.

मग बाळाला काय पाजायचं? राजानं साता समुद्रांपलीकडून दुधाच्या पावडरीचा डबा मागवला होता. वर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. डबा हत्तीवरून आला. राजमातेनं बाळाच्या आधी डब्यावरून भाकरतुकडा ओवाळला.

बाळ रडे. मग एक दासी पाणी उकळी, एक बाटली उकळी, एक पावडर मोजी, एक फुंकर घाली, एक झाकण शोधी. तोवर बाळ रडून रडून झोपी जाई. केलेलं दूध फेकून देत. मग बाळ उठे, पुन्हा रडे, पुन्हा चूल पेटे. इकडं त्या रडण्यानं राणीला पान्हा फुटे, चोळी भिजे, आणि ती भिंतीकडं तोंड करून पडे.

राणीनं एकदा विचारलं, "आत्याबाई, पाजू का?" राजमाता म्हणाली, "चीक बाधतो." मग दुसऱ्यांदा विचारलं, "आत्याबाई, आता चीक सरला, पाजू का?" राजमाता म्हणाली, "राणीची शोभा जाईल." मग तिसऱ्यांदा विचारलं, "आत्याबाई, पाजू का?" राजमाता म्हणाली, "आता डबा फोडलाय, वाया जाईल." तो डबा संपला की दुसरा फोडलेला असे.

बाळाचं पोट फुगलं, जुलाब लागले, बाळसं धरेना. गोठ्यातला गोऱ्हा मात्र शेपटी वर करून अंगणभर उधळे. राणीचा पान्हा आटत चालला. चोळी आता भिजत नव्हती. आता नाही पाजलं तर कधीच नाही, हे तिला कळलं. तिनं भिंतीवरच्या जिवतीच्या कागदापुढं डोकं टेकलं. "माय, माझं लेकरू मला दे."

श्रावणातला शुक्रवार आला. गोठ्यात धवळी गाय व्याली, पुन्हा खरवस झाला. जिवतीमाय म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. "खरवस वाढ गं माय." राजमातेनं पाट मांडला, वाटी भरली.

म्हातारी म्हणाली, "कशाचा गं?"

"धवळीच्या चिकाचा."

"अगबाई, पिवळा ना तो? वासराला देऊ नकोस हो, बाधेल."

राजमाता हसली. "आजी, वय झालं तुमचं. चिकातच तर वासराची ताकद."

"पण राजाची गाय ती. पाजून पाजून शोभा जाईल."

"गाईला कसली शोभा? वासरू ढुशा मारतं म्हणून पान्हा येतो. ढुशा थांबल्या की दूध आटलं."

"मग तो फोडलेला डबा वाया जाईल. पाज ना वासराला."

राजमातेचा आवाज चढला. "काहीतरीच काय. त्याची आई समोर उभी असताना वासराला डबा कशाला?"

बोलली आणि तिची नजर पाळण्याकडं गेली. दासी झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारीनं वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

राजमाता उठली. पाळण्यातलं बाळ उचललं, राणीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "मारू दे त्याला ढुशा. मलाही माझ्या आत्याबाईंनी पाजू दिलं नव्हतं. मी फार रडले होते, चिमे. मग मीच ते विसरून गेले."

बाळाला बाटलीची सवय. एकदा तोंड फिरवलं. मग दुसऱ्यांदा फिरवलं, वर ओरडलं. तिसऱ्यांदा धरलं. आधी थेंब आला, मग घोट आला, मग राणीची चोळी पुन्हा भिजली. राणी हसली, राणी रडली.

म्हातारीनं वसा सांगितला. "चीक सांडू नये. बाळ मागेल तेव्हा पाजावं, मागेल तितकं पाजावं. सहा महिने वरचं पाणीसुद्धा देऊ नये. बाळंतिणीला पोटभर जेवू घालावं आणि तिला कुणी टोचून बोलू नये."

राजा ओशाळून पुढं आला. "आजी, या डब्यांचं काय करू?"

"तुझ्या माळ्याची लेक बाळंतपणात गेली. तिचं लेकरू भुकेलं आहे. तिथं ने, पाणी उकळून, बाटली स्वच्छ धुऊन पाजायला सांग. ज्या लेकराला आई नाही, ज्या आईला काही केल्या दूध येत नाही, त्यांच्यासाठी डबा आहे. त्यांना कुणी बोल लावू नये." राजानं डबे पुन्हा हत्तीवर चढवले. म्हातारी दिसेनाशी झाली.

बाळानं बाळसं धरलं. पुढच्या श्रावणात तो दुडूदुडू चालू लागला. कपिला पुन्हा व्याली. राजमातेनं खरवसाची वडी नातवाच्या तोंडात घातली. त्यानं ती थुंकली आणि आईच्या पदराखाली शिरला. राजमाता म्हणाली, "शहाणा आहे. दुसऱ्याच्या आईचं खात नाही." आणि वडी आपण खाल्ली.

जिवतीमाय चिमाराणीला जशी पावली, तशी तुम्हाआम्हाला, लेकीसुनांना पावो, आणि त्यांच्या सासवांना आधी पावो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत खरवसासारखी जमली, इथं सुफळ झाली. टाका आता तांदूळ.