ठणठणीत म्हणण्याचा धडा

दुखणं बोलायचं नाही आणि का, ते विचारायचं नाही, हा माळरानावरच्या हरणांचा जुन्या काळापासूनचा नियम. आरोग्याच्या वर्गात म्हातारे काळवीट शिंगाडेआबा एवढंच शिकवत. धड्याच्या शेवटी जे पाडस न अडखळता "मी ठणठणीत आहे" म्हणे, ते पास.

त्या सकाळी वर्गातल्या बोरी या पाडसाची धाकटी बहीण सावळी पुन्हा पुन्हा अडखळत होती. तिच्या खुरात काटा रुतून पू झाला होता.

"परत म्हण," आबा म्हणाले.

बोरी पुढे आली. "ती म्हणणार नाही, आबा. आधी काटा काढू."

"गप बस. लंगडं कोण हे कळलं, की लांडगा त्यालाच हेरतो. म्हणून तर हा धडा."

"लांडग्याला ती रोज लंगडताना दिसते. दिसत नाही ती तुम्हालाच."

"फार शहाणी झालीस," एक म्हातारी हरिणी फणकारली. "तू तर धडधाकट आहेस ना? मग म्हण, नाहीतर नापास."

"करा नापास. मी म्हणणार नाही."

बोरी खाली बसली आणि दातांनी काटा ओढू लागली. सावळी सगळ्या कळपासमोर मोठ्याने विव्हळली. तिला कुणी दटावायच्या आत मागच्या रांगेतली दोन पाडसं लंगडत पुढे आली आणि आपले सुजलेले पाय पुढे करून बोरीजवळ बसली.

आबांनी म्हाताऱ्या हरिणीकडे पाहिलं. ती त्या सुजलेल्या पायांकडे बघत होती.