गच्चीवरचा खांब

एकदा एका गृहस्थ शिष्याने आपल्या गच्चीवर वेधशाळा उभारली आणि घरादाराला सळो की पळो करून सोडले. सरकते छप्पर झाले, मधोमध सिमेंटचा खांब झाला, त्यावर दुर्बीण आणि कॅमेरा चढला. खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना त्याने शब्द दिला होता, "बाबा, धूमकेतूचा फोटो तुमच्या हातात देतो." पण धूमकेतू रोज संध्याकाळी क्षितिजाकडे झुकत चालला होता, आणि फोटोत प्रत्येक तारा अळीसारखा वळवळलेला!

शिष्य वैतागला. बायकोचा मिक्सर बंद करवला, मुलीचा नाचाचा सराव थांबवला, जिन्यात पाय आपटणाऱ्या शेजाऱ्याशी भांडला. तरी अळ्या त्या अळ्याच. शेवटी हात टेकून त्याने आपल्या वृद्ध गुरूंना बोलावले.

गुरूंनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. दुर्बीण उतरवायला लावली आणि म्हणाले, "ताम्हणात पाणी घेऊन खांबावर ठेव."

"गुरुजी, धूमकेतू दोन दिवसांत कायमचा जाणार, आणि तुम्ही पूजा कसली मांडताय?"

"ठेव. आता कॅमेरा कितीतरी मिनिटं उघडा राहून फोटो निघत असताना तू रोज जे करतोस, ते कर."

"करणार काय? येरझारा घालतो! जीव टांगणीला लागलेला असतो!" धुसफुसत तो फिरू लागला. पाणी थरथरले. तो चपापून थांबला. पाणी स्थिर झाले. त्याने हलकेच एक पाऊल टाकले. पाणी पुन्हा शहारले.

गुरू म्हणाले, "खांब तू गच्चीच्या स्लॅबवरच उभा केलास. तुझं प्रत्येक पाऊल त्याला हादरवतं. साऱ्यांना गप्प केलंस, पण सर्वांत जवळचा धक्का तुझाच होता. नवा खांब बांधायला आता वेळ नाही. यंत्र लाव, आणि तू इथून जा."

"जाऊ कुठे?"

"ज्यांच्यासाठी हे मांडलंस, त्यांच्याजवळ."

त्या संध्याकाळी कॅमेरा सुरू करून शिष्य खाली गेला आणि वडिलांच्या उशाशी बसला.

"मिळाला का रे धूमकेतू?" वडिलांनी विचारले.

"वर काम चाललंय, बाबा. माझी तिथे अडचणच होते."

वडिलांनी त्याचा हात धरला. "इतके दिवस वरून नुसती तुझी पावलं ऐकत होतो. आज तू दिसलास."

फोटोत धूमकेतू स्पष्ट आला, तारे टिंबासारखे गोल आले. मात्र तो पाहायला शिष्य वर गेला, तो वडिलांना झोप लागल्यानंतरच.