रंगीत गळपट्ट्यांचं राज्य

"उद्या संध्याकाळी दरबारात प्रत्येकाची गळपट्टी सकाळी होती तशीच दिसली पाहिजे! एक जरी डाग दिसला, तर तुझा घाट जप्त आणि तू गावाबाहेर!"

उदयभान राजांनी हुकूम सोडला आणि गजराबाई परटिणीच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग उद्या लोकांनी कामं बंद ठिवायची का, म्हाराज?"

"मुळीच नाही! एकानंही हात थांबवायचा नाही."

"मग मधीच धुऊन..."

"ओली पट्टी घालून कुणी आलं, तरी शिक्षा तुलाच!"

हे गळपट्टीचं खूळ राजांच्या डोक्यात शिरलं होतं आठ दिवसांपूर्वी. एक परदेशी व्यापारी दरबारात आला, त्याच्या गळ्याभोवती कडक पांढरी पट्टी होती. राजांना ती भलतीच आवडली. झालं! लगेच दवंडी पिटली. कोण काय काम करतो ते लांबूनच कळावं, म्हणून ज्यानंत्यानं गळ्यात रंगीत पट्टी बांधायची. लेखणीवाल्यांना पांढरी, भट्टीवाल्यांना काळी, वाड्यातल्या नोकरांना निळी, बागेतल्यांना हिरवी. राजांना स्वतःला अर्थातच सोनेरी. नाव विचारायला नको, तोंड बघायला नको, गळा बघितला की काम भागलं! प्रधान चिमणाजीपंतांनी तर "वा महाराज, वा!" करत सगळ्यांच्या आधी पांढरी पट्टी बांधून घेतली.

पण काम करणाऱ्याचे कपडे कधी कोरे राहतात का? चुनाभट्टीवर राबणाऱ्या केरूची काळी पट्टी दुपारपर्यंत पांढरीफटक झाली. शिपायांनी त्याला उचलून दप्तरात बसवलं आणि हातात बोरू दिला. केरूनं जन्मात बोरूनं फक्त पाठ खाजवली होती! त्यानं शेजारच्या राजाला खलिता लिहिला, म्हणजे कागदभर गोल गोल वेटोळी काढली. दप्तरातल्या बाळंभटांच्या पांढऱ्या पट्टीवर शाईची दौत उपडी झाली, त्यांना भट्टीवर नेऊन फावडं दिलं. फावडं कुठल्या बाजूनं धरतात इथूनच त्यांची तयारी होती. वाड्यातल्या आचाऱ्याच्या निळ्या पट्टीवर हळद सांडून ती हिरवी दिसू लागली, तशी त्याची रवानगी बागेत झाली. आणि राजांच्या ताटात जेवणच आलं नाही!

तेव्हा कुठे राजे खडबडून जागे झाले. "हा घोळ कुणामुळे?" ते गरजले. चिमणाजीपंतांनी ताबडतोब बोट दाखवलं, "परटिणीमुळे, महाराज! पट्ट्या नीट धूत नाही ती!"

अशी ही सगळी भानगड गजराबाईच्या गळ्यात पडली.

ती तणतणत घाटावर आली. हा घाट तिच्या सासूनं धोंडा धोंडा रचून बांधला होता. तो गेला, तर ती आणि तिची दोन गाढवं जाणार कुठे? रागाच्या भरात ती पाण्यात उतरायला निघाली आणि सवयीनं आधी अंगावरचं नवं लुगडं सोडून तिनं दोरीवर टाकलं, जुनेर नेसलं. मग एकदम थांबली. दोरीकडे बघितलं. लुगड्याकडे बघितलं.

"अगं बया!" ती स्वतःशीच म्हणाली. "एवढंच ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गाढवं घेतली आणि घरोघर फिरली. "पट्टी सोडा, माझ्याकडं द्या, आन् आपापल्या कामाला लागा. सांजच्याला दरबाराच्या दाराशी घ्या!" लोकांनी अशा घाईनं पट्ट्या काढल्या, जणू गळ्यातला फासच सुटत होता. नाही म्हणाले फक्त चिमणाजीपंत.

"हट्! मी प्रधान आहे. माझी पट्टी माझ्याच गळ्यात राहील!"

संध्याकाळी दरबार भरला. राजे रांगेतून एकेक गळा निरखत गेले. काळ्या पट्ट्या काळ्या, पांढऱ्या पांढऱ्या. डाग म्हणून कुठे नाही!

"शाबास! कशा धुतल्यास गं?"

"धुतल्याच न्हाईत, म्हाराज. दिसभर माझ्या दोरीवर व्हत्या."

"काय?" राजांच्या मिशा थरथरल्या. "म्हणजे लोक उघड्या गळ्यानं फिरले? मग कोण काय काम करतो, ते कळलं कसं?"

"आज जेवाण मिळालं का म्हाराजांना?"

"मिळालं. अगदी पोटभर."

"खलिता धाडला?"

"धाडला. वाचताही येत होता."

"मग बघा की! केरूच्या भुवयांत चुना हाय, बाळंभटांच्या बोटांवर शाई हाय, आचाऱ्याची नखं पिवळी हायत. ज्याचा रंग त्याला लागतोच, आन् त्यो बी फुकटात!"

चिमणाजीपंत तावातावानं पुढे आले. "थापा मारते ही! माझी पट्टी सकाळपासून गळ्यात आहे. बघा, आहे एक तरी डाग?"

गजराबाई जवळ गेली. पट्टी पुढून बघितली, मागून बघितली, बोट फिरवून बघितलं.

"न्हाई वो म्हाराज! दिसभर गळ्यात, तरी घामाचासुदिक डाग न्हाई!"

दरबारात कुणीतरी फिसकन हसलं. पंतांचा चेहरा पडला. राजांचा हात मात्र हळूच स्वतःच्या सोनेरी पट्टीकडे गेला.

"आणि... माझी?"

गजराबाईनं मान वाकडी करून नीट पाहिलं.

"म्हाराजांच्या पट्टीवर आमरस सांडलाय. म्हंजे पंतांपरास म्हाराजांनी जास्त काम केलंया!"

मग राजे असे हसले, असे हसले, की सोनेरी पट्टीची गाठच सुटली! डोळे पुसत त्यांनी गळपट्ट्यांचा हुकूम रद्द केला आणि घाट गजराबाईला कायमचा लिहून दिला.

"आणखी काही हवं असेल तर माग!"

"येकच मागणं हाय. पंतांची पट्टी लई कोरी राहिलीया. आठ दिस त्यास्नी माझ्या घाटावर धाडा. धुणं बडवू द्या, पट्टीला जरा रंग चढू द्या!"

"मंजूर!" राजे म्हणाले, आणि पुन्हा पोट धरून हसत सुटले.